नाताळचे मेज : गोमंतकीय घरातील मांडणी, सजावट आणि आतिथ्य

‘नाताळ’ हा शब्द मराठीने पोर्तुगीज भाषेकडून घेतला. पाव, बटाटा, काजू, साबण, परात हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने तोही आला आणि आता तो परका वाटत नाही. गोव्यात हा सण केवळ ख्रिस्ती बांधवांच्या घरापुरता राहिलेला नाही. डिसेंबरच्या मध्यापासून वाड्यावाड्यांवर कागदी तारे झळकू लागतात, घरांसमोर गोठे उभे राहतात आणि पंचवीस तारखेच्या आसपास शेजारीपाजारी, आप्त, परगावाहून व परदेशातून आलेली मंडळी यांची घरोघरी ये-जा सुरू होते. या आतिथ्याचे केंद्र म्हणजे जेवणाचे मेज. ते कसे मांडावे, कोणत्या कल्पनेभोवती सजवावे, कोणती मोजमापे पाळावीत आणि वेगवेगळ्या आहाराचे पाहुणे एकाच मेजावर कसे सामावून घ्यावेत, याची माहिती येथे संकलित केली आहे.

मेजाची परंपरा

जमिनीवर पाट मांडून, केळीच्या पानावर जेवण्याची पद्धत गोव्यातील सर्वच समाजांत पूर्वापार होती. पानाभोवती रांगोळीची महिरप, डाव्या बाजूस मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर व उजव्या बाजूस भाजी, आमटी असा वाढपाचा क्रम ठरलेला असे. मेज मांडणे ही कला आपल्याकडे बाहेरून आली असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. उंच मेज आणि खुर्च्या बाहेरून आल्या. परंतु प्रत्येक पदार्थाला त्याची जागा देण्याची आणि जेवणाऱ्याच्या पुढ्यात शोभा निर्माण करण्याची दृष्टी येथे आधीपासूनच होती.

१५१० ते १९६१ या पोर्तुगीज राजवटीच्या काळात, विशेषतः सासष्टी, बार्देश आणि तिसवाडी या तालुक्यांतील सधन ख्रिस्ती घराण्यांत, लांबलचक लाकडी मेज, नक्षीच्या खुर्च्या आणि चिनी मातीची भांडी यांनी सजलेली भोजनदालने निर्माण झाली. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात अशा वैभवाच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. सामान्य घरांत मात्र मेज लहान, पण त्यावर क्रोशाने विणलेले पांढरे आच्छादन हमखास असे. गोव्यातील स्त्रियांनी जपलेल्या क्रोशाच्या विणकामाचे नमुने अनेक कुटुंबांच्या पेटाऱ्यांत अजूनही आहेत. नाताळच्या मेजाची सजावट नव्याने आरंभ करणाऱ्याने बाजारात जाण्यापूर्वी प्रथम घरचा पेटारा उघडावा.

‘कोंसुआद’ ही या सणाची खास संज्ञा. पोर्तुगालमध्ये ती नाताळच्या पूर्वरात्रीच्या भोजनाला लावतात. गोव्यात तिचा अर्थ बदलला आणि घरी केलेल्या गोडधोडाचे जे ताट शेजाऱ्यांकडे व आप्तांकडे पाठवितात, त्याला हे नाव मिळाले. चतुर्थीच्या वज्याशी तिचे नाते उघड आहे. मंगळूरकडील ख्रिस्ती समाजात याच प्रकारच्या फराळाला कुस्वार म्हणतात.

सजावटीची कल्पना ठरविताना

मेजाची सजावट फसते ती बहुधा वस्तू कमी पडल्याने नव्हे, तर अधिक झाल्याने. सोपा नियम असा : दोन रंग, एक मुख्य साहित्य आणि एक मध्यवर्ती वस्तू. एवढे ठरले की उरलेल्या निवडी आपोआप होतात. बाजारात नाताळच्या नावाखाली कापसाचा बर्फ, प्लास्टिकची सूचिपर्णी झाडे आणि लोकरी टोप्या यांची रेलचेल असते. गोव्यात मात्र डिसेंबरात दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर जाते आणि पहाटेचा गारवाही वीस अंशांच्या आसपासच थांबतो. येथील हिवाळा दवाचा, निरभ्र आकाशाचा आणि मंद वाऱ्याचा आहे. त्याला शोभतील अशा चार कल्पना पुढे दिल्या आहेत.

*गोठा आणि नाचणी.* येशूच्या जन्माचा देखावा उभा करण्याच्या प्रथेचा आरंभ असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे केला, असे मानले जाते. गोव्यातील गोठ्यात शेत दाखविण्यासाठी नाचणी पेरण्याची प्रथा आहे. हीच नाचणी मेजावर आणता येते. पसरट मातीच्या परळात दोन बोटे माती घालून नाचणी दाट पेरावी आणि रोज पाण्याचा हबका मारावा. आठ ते दहा दिवसांत बोटभर उंचीची कोवळी हिरवळ तयार होते. तिच्या मध्यभागी एक पणती किंवा मातीची लहान मूर्ती ठेवली की मध्यवर्ती सजावट पूर्ण झाली. नवरात्रातील घटाभोवतीचे रुजवण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही. डिचोली परिसरातील कुंभारांची भांडी यासाठी उत्तम.

*कुणबी कापड.* लाल रंगात पांढऱ्या चौकड्या असलेले कुणबी वस्त्र ही गोव्याची जुनी ओळख. विसाव्या शतकात हे विणकाम जवळजवळ लुप्त झाले होते. वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी त्याच्या पुनरुज्जीवनासाठी प्रयत्न केले. मेजाच्या लांबीभर या कापडाचा एक पट्टा, त्यावर पितळी समई किंवा दिवे आणि साध्या पांढऱ्या बश्या एवढ्यावर नाताळचा लाल-पांढरा रंग साधतो आणि तो पूर्णपणे येथला असतो.

*माटोळीचा वारसा.* चतुर्थीत गणपतीच्या वर बांधली जाणारी माटोळी म्हणजे फळे, रानफुले, वेली आणि घोस यांची जणू सूचीच. तीच दृष्टी मेजासाठी वापरता येते. डिसेंबरात मिळणारे पेरू, चिकू, संत्री, आवळे, सुपारीचे घोस, शहाळी आणि केळीचे लोंगर वेताच्या टोपलीत रचावेत. यांतील फळे नंतर खाता येतात, त्यामुळे सजावट वाया जात नाही. टिकाऊ पर्याय हवा असल्यास शेजारच्या सावंतवाडीची लाकडी, रंगीत फळे आहेतच.

*मध्यरात्रीचे चांदणे.* पूर्वरात्रीच्या मिस्सेला पोर्तुगीजमध्ये ‘मिसा दु गालु’, म्हणजे कोंबड्याची मिस्सा, असे नाव आहे. ती आटोपून परतणाऱ्यांसाठी मांडलेले मेज शांत असावे. जुन्या पोर्तुगीज फरशांवरील निळ्या-पांढऱ्या चित्रांवरून रंग घ्यावेत : पांढरे आच्छादन, निळ्या काठाच्या बश्या, काचेच्या वाडग्यात पाणी आणि त्यावर तरंगणारे दिवे. रात्री उशिरा मोठे जेवण नको असते. त्यामुळे केक, कॉफी आणि गोडाचे ताट यांसाठी ही मांडणी पुरते.

मोजमापे

प्रत्येक जेवणाऱ्याला किमान ६० सेंटिमीटर रुंदीची जागा लागते. सहा जणांसाठी सुमारे १८० सेंटिमीटर लांब व ९० सेंटिमीटर रुंद मेज सोयीचे. आच्छादन चारही बाजूंनी २० ते ३० सेंटिमीटर खाली यावे. त्याहून लांब कापड मांडीवर गोळा होते आणि उठताना ओढले जाते. कापडाचा पट्टा दोन्ही टोकांना वीतभर खाली सोडावा.

मध्यवर्ती सजावटीची उंची ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावी. समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसणे ही सजावटीची पहिली कसोटी. उंच फुलदाणी हवीच असेल तर ती बाजूच्या फडताळावर शोभते. मेजाचा मधला एक-तृतीयांश पट्टाच सजावटीसाठी वापरावा. उरलेली जागा ताटे, वाडगे आणि हात यांची आहे.

बशी मेजाच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत ठेवतात. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार बशीकडे, चमचा सुरीच्या बाहेर, पाण्याचा पेला सुरीच्या टोकाच्या वर. हाताने जेवणाऱ्यांसाठी हात धुण्याचे पाणी किंवा ओला रुमाल जवळच असावा. सोरपोतेल आणि सान्नां यांची खरी चव हातानेच कळते, हे गोव्यातील यजमानाला सांगावे लागत नाही.

पाहुणे दहाच्या वर असतील तर बसून जेवण्याऐवजी स्वतः वाढून घेण्याची मांडणी करावी. ताटे आरंभी, काटे-चमचे व हातरुमाल शेवटी, म्हणजे वाढून घेताना दोन्ही हात मोकळे राहतात. मेज भिंतीपासून दूर ठेवून दोन्ही बाजूंनी वाढून घेण्याची सोय केल्यास रांग निम्मी होते. पेयांचे मेज वेगळे असावे.

उजेड

मेजावरचा उजेड खालच्या पातळीवर आणि पिवळसर असावा. डोक्यावरचा पांढरा दिवा मालवून बाजूचे दिवे लावले तरी अर्धे काम होते. मेणबत्त्या बिनवासाच्या घ्याव्यात. सुगंधी मेणबत्त्यांचा वास पदार्थांच्या वासावर मात करतो. अंगणात किंवा बाल्कांवात मेज मांडल्यास वाऱ्यासाठी काचेच्या चिमण्या आवश्यक आहेत. कागदी तारे, सुकलेली पाने आणि मोकळी ज्योत यांच्यात हातभर अंतर राहील, याची खात्री करावी. लहान मुले असलेल्या घरात मेजावर ज्योतीऐवजी विजेच्या बारीक दिव्यांची माळ काचेच्या बरणीत ठेवणे अधिक सुरक्षित.

फुले आणि पाने

सुरूच्या फांद्या गोव्यात नाताळचे झाड म्हणून वापरल्या जातात. त्यांचे लहान शेंडे मेजावरही चांगले दिसतात. मात्र किनाऱ्यावरील सुरूची बने वाळू धरून ठेवतात. तेथील फांद्या तोडू नयेत, खासगी बागेतील छाटणी वापरावी. झेंडू, शेवंती आणि अबोली या दिवसांत सहज मिळतात. अबोलीचा केशरी वळेसर पांढऱ्या कापडावर गोल मांडला तर वेगळ्या सजावटीची गरज उरत नाही.

लाल पानांचे पॉइन्सेटिया हे मूळ मेक्सिकोचे झाड. त्याचा पांढरा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देऊ शकतो, म्हणून ते कुंडीसहित ठेवावे, पाने खुडून ताटाजवळ पसरू नयेत. कण्हेर आणि धोतरा ही विषारी झाडे. त्यांची फुले जेवणाच्या मेजावर कदापि नसावीत. जी पाने पदार्थांना स्पर्श करणार, त्यांत केळीचे पान सर्वांत निर्धोक. तेही धुऊन, पुसून घ्यावे. उग्र वासाची फुले जेवणाच्या खोलीऐवजी प्रवेशद्वारी ठेवावीत.

गोडाचे ताट

कोंसुआदीतले पदार्थ हीच या मेजाची खरी सजावट. बेबिंका हा थरांचा पदार्थ. परंपरेने सात किंवा सोळा थर सांगतात. अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा, तूप आणि जायफळ यांचा एकेक थर भाजून झाल्यावरच पुढचा ओततात. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. तो कापून, थर दिसतील असा आडवा मांडावा. दोदोल माडाचा काळा गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाच्या दुधाचा. त्याच्या गडद, चकचकीत वड्यांना पांढरी बशी हवी. पेरूची पेराद तांबूस, हरभऱ्याची डाळ व खोबऱ्याचा दोस फिकट पिवळा, बोलिन्या सोनेरी, कुलकुलांचा रंग तळणावर अवलंबून. गडद व फिका रंग आलटून पालटून ठेवला की ताट उठून दिसते. करंजीच्या कुळातील नेवऱ्या कडेने अर्धवर्तुळात लावाव्यात. ओलसर दोदोल कोरड्या कुलकुलांना चिकटू नये म्हणून मध्ये केळीच्या पानाची पट्टी द्यावी.

नारळाचे दूध, अंडी किंवा मांस असलेले शिजविलेले पदार्थ साध्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ ठेवू नयेत. शोभेसाठी भरलेले वाडगे तासन्‌तास उघडे राहणे हा या सणातील नेहमीचा धोका आहे. थोडे मांडावे, संपताच पुन्हा भरावे.

शेजाऱ्याचे आसन

गोव्यातील नाताळच्या मेजावर वेगवेगळ्या आहाराचे लोक एकत्र येतात. सोमवारी मांसाहार वर्ज्य करणारी अनेक हिंदू कुटुंबे आहेत. मार्गशीर्षातील गुरुवारही याच सुमारास येतात. काही पाहुणे डुकराचे मांस घेत नाहीत, काही गोमांस, काही अंडेही. पाहुण्याला प्रत्येक भांड्यापाशी थांबून चौकशी करावी लागणे हे त्याला अवघड आणि यजमानालाही. अनेकदा अशा संकोचाने पाहुणा ‘आत्ताच जेवून आलो’ असे सांगून केवळ सरबत घेऊन परततो आणि पुढच्या वर्षी येणेच टाळतो. सजावटीत कितीही खर्च केला तरी ही उणीव भरून निघत नाही.

उपाय अगदी साधे आहेत. बेबिंका, बातिका व बोलिन्या यांत अंडे असते. दोदोल, दोस, पेराद आणि पिनाग सामान्यतः बिनअंड्याचे असतात. कुलकुल व नेवऱ्यांची कृती घराघरांत बदलते. बिनअंड्याच्या पदार्थांचे ताट वेगळे करून त्यास हिरव्या फितीची खूण द्यावी आणि वाढण्याचे चमचे स्वतंत्र ठेवावेत. प्रत्येक वाडग्यासमोर जाड कागदाची लहान चिठ्ठी, त्यावर पदार्थाचे नाव आणि खाली ‘शाकाहारी’, ‘अंडे’, ‘डुकराचे मांस’ अशी स्पष्ट नोंद असावी. चिठ्ठी देवनागरीत आणि रोमी लिपीत लिहिली तर घरातील थोरल्यांनाही वाचता येते. सान्नां आंबविण्यासाठी माडाची सूर वापरली असल्यास तेही नमूद करावे. शाकाहारी पदार्थ मेजाच्या टोकाला एकटे न टाकता मधोमध असावेत. सान्नांसोबत खतखते वाढले तर दोन्ही स्वयंपाकघरे एका मेजावर येतात. मद्य न घेणाऱ्यांसाठी कोकम सरबत उत्तम. त्याचा माणकासारखा रंग उंच पेल्यात नाताळच्या सजावटीलाच भर घालतो.

काय टाळावे

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून टाकण्याच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. ताटे, पेले, काटे-चमचे, सुऱ्या, स्ट्रॉ, तबके आणि सजावटीचा थर्माकोल यांचा त्यात समावेश होतो. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायचे पातळ प्लास्टिकही बंदीच्या यादीत आहे. कोंसुआद पाठविताना म्हणूनच वेताची टोपली, केळीचे पान आणि वर क्रोशाचा रुमाल ही जुनी रीतच उपयोगी. रुमाल व टोपली रिकामी परत न पाठविण्याचा संकेत असल्याने देवाणघेवाणीचा दुवाही टिकतो. मोठ्या मेजवानीसाठी भांडी कमी पडत असतील तर शेजारून उसनी आणणे किंवा भाड्याने घेणे हा सोपा मार्ग आहे. बश्यांचा संच एकसारखा नसला तरी चालतो. आच्छादन एकरंगी असले की निरनिराळ्या बश्या एकत्र शोभतात.

लहान घर, लहान मेज

गोव्यातील अनेक घरांत मुले आखाती देशांत, ब्रिटनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये असतात आणि नाताळच्या रात्री मेजावर दोनच माणसे उरतात. अशा घरांसाठी मेज मांडणे अनाठायी मानू नये. एक स्वच्छ आच्छादन, एक दिवा, नाचणीचा छोटा परळ आणि दोघांपुरते गोड एवढी तयारी पुरते. शेजाऱ्यांनी कोंसुआद पोहोचविताना ताट दारातच देऊन न परतता घटकाभर बसावे, म्हणून तिसरी खुर्ची आधीच मांडून ठेवावी. सदनिकेत मेजाला जागा नसेल तर चौरंगावर कुणबी कापड घालून खाली चटईवर बैठक करता येते. पाटाची जुनी पद्धत येथे पुन्हा कामी येते.

दहा दिवसांचे वेळापत्रक

१४ किंवा १५ डिसेंबरला नाचणी पेरावी. त्याच दिवशी पाहुण्यांची यादी करून प्रत्येकाच्या आहाराची नोंद घ्यावी. १८ तारखेपर्यंत आच्छादने धुऊन, खळ घालून इस्त्री करून ठेवावीत. पेराद, दोदोल, कुलकुल असे टिकाऊ पदार्थ २० तारखेपर्यंत उरकतात. सोरपोतेल दोन-तीन दिवस मुरले की अधिक रुचकर होते, म्हणून ते २२ तारखेस शिजवून थंड जागी ठेवावे आणि रोज नीट उकळी द्यावी. फळे, फुले व पाने २३ ला आणावीत. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मध्ये येत असेल तर खरेदी तेथेच होते. २४ च्या दुपारी मेज मांडून त्यावर पातळ कापड टाकावे. ताजी फुले व दिवे संध्याकाळी.

मेजवानीनंतर डागांची काळजी त्वरित घ्यावी. अंड्याचा डाग थंड पाण्याने धुवावा, गरम पाण्याने तो पक्का होतो. रस्सा सांडल्यास कापड न चोळता टिपून घ्यावे. मेण सांडल्यास बर्फाने कडक करून खरवडावे व उरलेल्या भागावर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी.

मांडलेले मेज पंचवीस तारखेलाच आवरण्याचे कारण नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री गावोगावी ‘म्हाताऱ्याची’ प्रतिमा जाळून जुन्या वर्षाला निरोप देतात आणि त्यानंतर ६ जानेवारीला रेईश मागूश, चांदर व कासावली परिसरात तीन राजांचे फेस्त साजरे होते. गोठा आणि तारे या दिवसापर्यंत राहू शकतात. या काळात सुकलेली फुले बदलावीत, फळांची टोपली रोज तपासावी आणि नाचणीला पाणी देत राहावे. फेस्त आटोपल्यावर रोपे बागेत लावावीत, क्रोशाचे आच्छादन साबणाच्या सौम्य पाण्यात धुऊन, घडीच्या जागा बदलून पेटाऱ्यात ठेवावे आणि पाहुण्यांच्या आहाराची यादी त्याच्याच घडीत ठेवावी. पुढच्या वर्षी तिचाच प्रथम उपयोग होतो.